तीन बाजूंचे कुंपण

नैरोबी शहराच्या मध्यवस्तीतून भल्या पहाटे निघालेली मोटार, रस्ता मोकळा असला तर, अर्ध्या तासाच्या आत सिंहांच्या मुलखात पोचते. यात अतिशयोक्ती नाही. केनियाच्या या राजधानीत २०१९च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ४४ लक्ष माणसे राहतात. आणि तिच्या मध्यापासून अवघ्या सात किलोमीटर अंतरावर सुमारे ११७ चौरस किलोमीटरांचे एक माळरान आहे, त्यावर सिंह, गेंडे, रानरेडे, जिराफ आणि झेब्रे मोकळे हिंडत असतात. माळावर उभ्या असलेल्या जिराफाच्या पाठीमागे शहरातील उंच इमारतींची रांग दिसते. हे दृश्य पाहून प्रवाशाच्या मनात पहिला विचार येतो तो नवलाचा आणि दुसरा येतो तो कुंपणाचा. एवढे हिंस्र पशू आणि एवढी माणसे यांच्यामध्ये आहे तरी काय?

याचे उत्तर थोडक्यात असे की, उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना तारेचे कुंपण आहे आणि चौथ्या, म्हणजे दक्षिणेच्या, बाजूला केवळ एक लहानशी नदी आहे. ही चौथी बाजू मोकळी का राहिली, ती मोकळी राहिल्याने कोणाचे भले होते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घेतले म्हणजे या राष्ट्रीय उद्यानाचे सारे मर्म हाती येते.

ठाण्याहून केनियात नातलगांकडे गेलेल्या एका कुटुंबाची सहल या दृष्टीने उदाहरणादाखल पाहण्यासारखी आहे. कुटुंब पाच जणांचे: आजोबा, आईवडील, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलाने वन्यपशू पाहिले होते ते मुंबईच्या राणीच्या बागेत. त्यामुळे तिकीट काढून आत गेले की एकामागून एक प्राणी ओळीने दिसू लागतील, अशी त्याची खात्री होती. वडिलांच्या मनात मात्र वन्यपशूंविषयी कौतुकापेक्षा धास्तीच अधिक होती. त्यांचे घर येऊरच्या डोंगरालगत आहे. त्या वसाहतीत रात्री बिबळ्या दिसल्याची वार्ता अधूनमधून उठते, आणि सारे बिबळे पकडून दूरच्या रानात सोडावेत अशा मागणीच्या अर्जावर, निघण्यापूर्वी आठच दिवस आधी, त्यांनी सही केली होती.

उद्यानाची दारे सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बंद होतात. विषुववृत्तापासून हे ठिकाण फारसे दूर नाही. तथापि समुद्रसपाटीपासून त्याची उंची १५०० मीटरांहून अधिक असल्यामुळे पहाटे स्वेटरांवाचून भागत नाही. नैरोबीच्या नातलग बाईंनी धपाटे, दही आणि केळी अशी शिदोरी स्टीलच्या डब्यांत भरून दिली होती. तीत प्लास्टिकची एकही पिशवी नव्हती. कारण केनियाने २०१७मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली आणि २०२०पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरून टाकावयाचे प्लास्टिक नेण्यासही मनाई केली. मोटारीचा चालक मासाई जमातीचा, नदीपलीकडच्या किटेंगेला भागातला. तो आजोबांना ‘म्झे’ म्हणे आणि आईला ‘मामा’ म्हणे. स्वाहिली भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला आणि मुलाबाळांच्या आईला असेच आदराने संबोधितात. त्याच्या तोंडी ‘गारी’, ‘पेसा’, ‘दुका’, ‘चपाती’ असे शब्द येऊ लागले, तेव्हा मुलीने कान टवकारले. गाडी, पैसा, दुकान आणि चपाती! मग ‘सफारी’ म्हणजेही आपली सफरच की काय, असे तिने विचारले. तिचा तर्क बरोबर होता. मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि समुद्रकिनाऱ्याच्या वाटेने स्वाहिलीत गेला. दोन्हीकडे त्याचा अर्थ प्रवास असाच आहे.

हे शब्द तेथे रुजले यालाही इतिहास आहे. मोंबासा बंदरापासून आफ्रिकेच्या अंतर्भागात लोहमार्ग टाकण्याचे काम १८९६मध्ये सुरू झाले. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर व कारागीर नेण्यात आले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मृत्युमुखी पडले. १८९८मध्ये त्साव्हो नदीवरील पुलाचे काम चालू असता दोन सिंहांनी मजुरांच्या छावणीवर इतके हल्ले केले की काही काळ काम बंद ठेवावे लागले. १८९९मध्ये रूळ ज्या ओसाड, पाणथळ जागी पोचले तेथे रेल्वेचे ठाणे झाले. मासाई लोक तेथल्या थंड पाण्याच्या ओढ्याला ज्या नावाने ओळखत त्यावरून त्या ठाण्याचे नाव नैरोबी पडले. म्हणजे नगर मागून आले, पशू आणि पशुपालक तेथे आधीपासूनच होते.

पहिला तासभर काहीच दिसले नाही. दोन शहामृग, दूरवर काही हरणे आणि पिवळे गवत. मुलगा कंटाळला, “आई, सिंह कुठे ठेवलेत?” असे त्याने दोनदा विचारले. त्याच्या प्रश्नातच प्राणिसंग्रहालय आणि राष्ट्रीय उद्यान यांतील भेद सामावलेला आहे. प्राणिसंग्रहालयात पशू ‘ठेवलेले’ असतात. पूर्वी ते गजांआड असत. १९०७मध्ये कार्ल हागेनबेक यांनी हांबुर्गजवळ गजांऐवजी खंदकांची योजना केली. १९३१मध्ये इंग्लंडमधील व्हिप्सनेड येथे विस्तीर्ण कुरणांत पशू ठेवण्यात आले. आणि १९६६मध्ये लाँगलीट येथे माणसांनी मोटारीत बसावे आणि सिंहांनी मोकळे फिरावे, अशी व्यवस्था झाली. पिंजरा याप्रमाणे रुंदावत गेला. परंतु खाऊ घालणारा हात माणसाचाच राहिला. राष्ट्रीय उद्यानात तसे नसते. तेथे पशू आपले अन्न आपण शोधतो, आपली वाट आपण ठरवितो, आणि पाहुण्याला दर्शन देण्याचे कोणतेही बंधन त्याच्यावर नसते. म्हणून येथे मोटारीची गती ताशी ४० किलोमीटरांच्या आत ठेवावी, ठरवून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरू नये, हाका मारू नयेत, खाद्य टाकू नये, असे नियम आहेत. हे सारे नियम माणसांसाठी आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

चालकाने अखेर मोटार थांबविली ती सिंह दिसला म्हणून नव्हे. तीन जिराफ माना ताठ करून एकाच दिशेला टक लावून पाहत होते आणि जवळचे झेब्रे चरायचे थांबले होते. माणसाच्या मानेत जेवढे मणके तेवढेच, म्हणजे सातच, जिराफाच्या मानेतही असतात. पण त्यांच्या लांबीमुळे त्याला टेहळणीचा मनोराच लाभला आहे. त्या नजरांच्या रोखाने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा एका झुडुपाच्या सावलीत, गवताच्याच रंगाच्या, दोन सिंहिणी पहुडलेल्या दिसल्या. सिंह दिवसाचे वीस तासदेखील विश्रांतीत घालवितो. त्या सिंहिणींनी मोटारीकडे एकवार पाहिले आणि डोळे मिटून घेतले. वर विमान घरघरत गेले, त्याकडेही त्यांनी लक्ष दिले नाही. मुलाने मग पुष्कळ वेळ काही विचारले नाही.

थोड्या वेळाने गेंडा दिसला. आसामच्या गेंड्याला एक शिंग असते, आफ्रिकेतल्या दोन्ही जातींना दोन. त्या जातींना काळा गेंडा आणि पांढरा गेंडा म्हणतात. पण रंगाने दोघेही राखीच. खरी ओळख ओठावरून होते. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ टोकदार असून तो झुडुपांचा पाला ओरबाडतो. पांढऱ्याचा ओठ रुंद आणि सरळ असून तो गवत चरतो. केनियात १९७०च्या सुमारास सुमारे २० हजार काळे गेंडे होते. शिंगांसाठी झालेल्या चोरट्या शिकारीमुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते चारशेंहूनही कमी उरले. कडक पहाऱ्यामुळे ती संख्या पुन्हा वाढून आता हजाराच्या आसपास आली आहे, आणि या वाढीत नैरोबीच्या उद्यानाचा वाटा आहे. राजधानीच्या इतक्या जवळ आणि तीन बाजूंनी कुंपण असल्यामुळे येथे पहारा ठेवणे सोपे जाते. कुंपण ही गोष्ट नेहमीच वाईट असते असे नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे.

उद्यानातील एका उघड्या जागी राखेचे ढीग आहेत. १८ जुलै १९८९ रोजी केनियाचे अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी जप्त केलेले १२ टन हस्तिदंत येथे जाळले. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. ३० एप्रिल २०१६ रोजी याच ठिकाणी १०५ टन हस्तिदंताची होळी झाली. हा पैसा जाळण्यापेक्षा विकून रानांसाठी खर्च का केला नाही, असे वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि तो त्या वेळी अनेकांनी विचारला होता. त्याला केनियाचे उत्तर असे की, बाजारात कायदेशीर माल आला की त्याच्या आडोशाने चोरीचा मालही खपतो. म्हणून हत्तीच्या अंगावर असेल तेवढेच हस्तिदंत मोलाचे मानावे. आजोबांना त्या राखेजवळ उभे असता घरातली जुनी हस्तिदंती फणी आठवली. पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंताचे हिंदुस्थान हे शतकानुशतके मोठे गिऱ्हाईक होते.

दुपारी नेमून दिलेल्या जागी शिदोरी सोडली. माकडांचा एका केळ्यावर डोळा होता आणि ते त्यांनी नेलेच. त्यानंतर पाणघोड्यांच्या डोहाकडे जावयाचे होते. तेथे बंदूकधारी रक्षकाबरोबर पायी चालता येते. डोहाच्या काठावरून मुलीने पलीकडचा किनारा पाहिला आणि विचारले, “तिकडे कुंपण दिसत नाही. मग प्राणी पळून जात नाहीत का?”

चालकाने सांगितले, की जातात आणि परत येतात. त्यांनी जावे म्हणूनच ती बाजू मोकळी आहे. ही म्बागाथी नदी. हिच्या दक्षिणेला किटेंगेलाचे आणि त्यापलीकडे आथी-कापितीचे विस्तीर्ण माळ पसरले आहेत. पाऊस पडला की त्या माळांवर आखूड, सकस गवत येते. तेव्हा विल्डबीस्ट आणि झेब्रे यांचे कळप तिकडे जातात आणि विल्डबीस्टच्या माद्या तेथे पिले देतात. उन्हाळा लागला, पाणवठे आटले, की उद्यानातील तळ्यांच्या आणि नदीच्या आश्रयाला ते परततात. त्यांच्यामागून सिंहही जातात आणि येतात. ११७ चौरस किलोमीटर म्हणजे त्यांचे सबंध घर नव्हे, ती घरातली केवळ पाण्याची खोली आहे. चौथ्या बाजूला कुंपण घातले तर उद्यानाचे एक मोठे प्राणिसंग्रहालय होईल.

पण पलीकडचे माळ रिकामे नाहीत. तेथे मासाई पशुपालक राहतात. उद्यानाची स्थापना १९४६मध्ये झाली, आणि ते केनियातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. त्यासाठी खटपट केली मर्व्हिन काउई यांनी. लोक मनावर घेत नाहीत असे पाहून त्यांनी टोपणनावाने वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि सारे वन्यपशू ठार करून टाकावेत अशी मुद्दाम मागणी केली. त्यावर जो क्षोभ उसळला त्यातून उद्यानाला लोकमताचे पाठबळ मिळाले. ही युक्ती नेहमी कौतुकाने सांगितली जाते. ज्यांची गुरे त्या माळावर चरत असत त्या मासाईंना तेथून निघावे लागले, हे तितक्या वेळा सांगितले जात नाही. नदीपलीकडे ते गुरे राखीत आणि वन्यपशूही त्याच कुरणांवर चरत. पुढे १९८०च्या दशकात तेथील सामाईक जमिनीची वाटणी होऊन ती खाजगी मालकीची झाली. शहर वाढत गेले, जमिनीचे भाव चढले, तुकडे विकले गेले, आणि प्रत्येक तुकड्याभोवती तार आली. उद्यानाने जे कुंपण घातले नाही ते असे तुकड्यातुकड्यांनी उभे राहू लागले. एके काळी हजारोंच्या संख्येने ये-जा करणाऱ्या विल्डबीस्टांच्या कळपांचे आता थोडेच अवशेष उरले आहेत.

चालकाने आपल्या घरची गोष्ट सांगितली. एका रात्रीत सिंहाने त्याच्या वडिलांच्या तीन गाई मारल्या. मासाई घरात गाय म्हणजे मुलांची फी, औषधपाणी आणि लग्नकार्य. “म्झे, तुमच्या पाहुण्यांनी सिंह पाहावा म्हणून माझ्या वडिलांनी गाय का द्यावी?” असे त्याने आजोबांना विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. आजोबांना उत्तर सुचले नाही, आणि त्यांनी ते देण्याचा आवही आणला नाही.

या प्रश्नावर काही उपाय झाले आहेत. २०००मध्ये अशी योजना सुरू झाली की, जो जमीनमालक कुंपण घालणार नाही, जमीन विकणार नाही आणि पशूंना वाट देईल, त्याला दर एकरामागे वर्षाला ठराविक रक्कम मिळावी. पुष्कळ कुटुंबांनी त्या पैशांतून मुलांच्या शाळेचा खर्च भागविला. परंतु शहरालगतच्या जमिनीच्या भावापुढे ती रक्कम फारच अपुरी ठरते. दुसरा उपाय एका मुलाने शोधला. रिचर्ड तुरेरे हा उद्यानाच्या दक्षिण सीमेवर राहणारा मासाई मुलगा घरची गुरे राखीत असे. त्याने आधी जाळ करून पाहिला, मग बुजगावणे उभे केले. सिंहांनी दुसऱ्या दिवशी बुजगावण्याला ओळखले. एका रात्री तो बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरत असता त्याच्या ध्यानात आले की सिंह हलत्या उजेडाला भितात. मग त्याने मोटारीची जुनी विद्युत्घटमाला, सूर्यप्रकाशावर चालणारे पटल आणि मोटारसायकलीचा दिशादर्शक दिवा लुकलुकविणारा भाग जोडून गोठ्याभोवती आपोआप उघडझाप करणारे दिवे लावले. लांबून पाहणाऱ्या सिंहाला कोणी माणूस फिरतो आहे असे वाटावे, हे त्यामागचे तत्त्व. त्या वेळी तो अवघा अकरा वर्षांचा होता. पुढे ते दिवे आसपासच्या गोठ्यांवर आणि केनियाच्या इतर भागांतही गेले. चालकाच्या वडिलांच्या गोठ्यावरही आता ते आहेत.

तरीही सारे प्रश्न सुटले असे नाही. मार्च २०१६मध्ये उद्यानाबाहेर पडलेल्या एका सिंहाने माणसाला जखमी केले आणि तो सिंह गोळी घालून मारण्यात आला. २०१९मध्ये उद्यानाच्या अंगावरून जाणारा नवा लोहमार्ग सुरू झाला. पशूंना खालून जाता यावे म्हणून तो सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पुलावर उचलून धरला आहे. २०२०मध्ये उद्यानाच्या पुढील व्यवस्थेचा आराखडा चर्चेला आला तेव्हा दक्षिणेलाही कुंपण घालावे काय, यावर पुन्हा वाद झाला.

परतीच्या वाटेवर वडील बराच वेळ गप्प होते. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे नैरोबीच्या उद्यानाहून थोडे लहान आहे, आणि त्याच्याही चहूबाजूंनी महानगर आहे. २०१९च्या फेब्रुवारीत ठाण्याच्या एका बाजारसंकुलात बिबळ्या शिरला होता, तेव्हा सबंध शहर हादरले होते. येऊरच्या पाड्यांवरचे वारली लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाची पूजा करीत आले आहेत. या शेजाऱ्याबरोबर राहावयाचे आहे हे त्यांनी धरूनच चालविले आहे. बिबळे पकडून दूर सोडण्याचा प्रयोगही महाराष्ट्रात होऊन गेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१च्या सुमारास पुष्कळ बिबळे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला पशू गोंधळतो, आपल्या जागेकडे परतू पाहतो, आणि त्या वाटेवर माणसांच्या वस्त्या असतात. मोकळ्या झालेल्या जागी दुसरा बिबळ्या येतो तो निराळाच. 

मोटार दाराशी आली तेव्हा सहाला थोडी मिनिटे उरली होती. चालकाचा निरोप घेताना आईने त्याच्या वडिलांची आणि गुरांची चौकशी केली, आणि त्याने हसून उरलेल्या गाईंचा आकडा सांगितला.

ठाण्याला परतल्यावर वसाहतीच्या पुढच्या सभेत तो अर्ज पुन्हा निघाला. वडिलांनी आपली सही मागे घेतली असे नाही. मुलांच्या जिवाची काळजी त्यांना पूर्वीइतकीच होती. त्यांनी अर्जात बदल मात्र सुचविला. कुंपणालगत साचणारा कचरा रोज उचलला जावा, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबळ्या येतो. मागच्या वाटेवर दिवे असावेत. आणि अंधार पडल्यावर मुलांनी एकटे हिंडू नये. सभेत यावर पुष्कळ वाद झाला. अखेरीस तीनही गोष्टी मान्य झाल्या आणि पकडून नेण्याची मागणी पुढच्या सभेपर्यंत तहकूब राहिली. कचरा उचलण्यावर देखरेख ठेवण्याचे काम आजोबांनी आपणहून पत्करले.